याच बांधणीत

विद्यापीठाच्या ग्रंथालयात चार लाख पुस्तकं होती आणि त्यांतलं कुठलं कुठे आहे ते अक्का चार मिनिटांत सांगत. घरी मात्र स्वतःचा चष्मा त्यांना रोज सकाळी शोधावा लागे. नवरा घड्याळं दुरुस्त करणारा. डोळ्याला भिंग लावून तो राईएवढे स्क्रू चिमट्यानं उचलत असे आणि मान वर न करता म्हणे, "त्या चष्म्याची एकदा नोंद करून टाक, म्हणजे सुटलीस." अक्का ऐकून न ऐकल्यासारखं करत. चष्मा बहुतेक वेळा डोक्यावरच असे.

अक्का नोंदणी विभागाच्या प्रमुख होत्या. प्रमुख म्हणायचं ते आपलं मानानं, कारण पूर्वी सहा माणसं होती ती आता दोन उरली होती. खोली तळमजल्यावर, जिन्याच्या मागे. ग्रंथालयात येणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची, प्रबंधाची, नकाशाची नोंद इथे व्हायची. नोंद म्हणजे नाव, लेखक आणि पानं, झालं, असं ज्यांना वाटतं, त्यांच्यावर न सापडणारं पुस्तक शोधायची वेळ कधी आलेली नसते. पुस्तक कशावर आहे, त्यात नावात न सांगितलेलं काय दडलंय, कोण कुठल्या शब्दांनी ते शोधायला येईल, हे सगळं आधीच ओळखून लिहून ठेवायचं, हे अक्कांचं काम. ते नीट झालं तर कुणाला कळतही नाही, माणूस येतो, पुस्तक घेतो आणि आपणच हुशार म्हणून निघून जातो.

या कामासाठी अक्कांनी एक डबा ठेवला होता. बिस्किटांचा, पत्र्याचा, झाकणावर पोपट असलेला. तो काउंटरवर असायचा, आणि ज्याला हवं ते सापडलं नाही त्यानं हात हलवत परत जाण्याआधी एका चिठ्ठीवर दोन गोष्टी लिहायच्या: काय हवं होतं, आणि कुठल्या शब्दांनी शोधलं. दर शुक्रवारी जेवणानंतर विभाग तो डबा उपडा करून बसे. एका परिचारिकेनं लिहिलं होतं, 'बाळ रात्री झोपत नाही, यावर काहीच नाही.' ग्रंथालयात 'शैशवातील निद्राविकार' नावाची तीन पुस्तकं धूळ खात पडली होती. अक्कांनी तिन्ही नोंदींत टीप घातली, 'बाळाची झोप', आणि त्या महिन्यात तिन्ही पुस्तकं बाहेर गेली. चिठ्ठीचं उत्तर सापडलं की तिच्या पाठीवर ग्रंथाचा क्रमांक लिहायचा आणि चिठ्ठी गठ्ठ्यात बांधून ठेवायची, हा विभागाचा शिरस्ता होता.

विभागातलं दुसरं माणूस म्हणजे स्वल्पविराम. हे टोपणनाव त्यांना कुणी दिलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं, पण शोभत मात्र होतं. नोंदीत एक चिन्ह इकडचं तिकडे झालं तर त्यांना जेवण जात नसे.

मग नवे ग्रंथपाल आले. साहेब माणूस वाईट नव्हते, फक्त घाईत होते. आल्या आल्या त्यांनी हिशोब मांडला की एक नोंद हातानं करायला चाळीस मिनिटं लागतात, आणि आयत्या नोंदी पुरवणारी कंपनी एका दिवसात चाळीस हजार भरते. डबा काउंटरवरून उचलला गेला. तिथे एक चकचकीत पडदा आला, त्यावर शोधाची एक खिडकी. गठ्ठे रद्दीत द्यायचा आदेश निघाला. पहिला प्रयोग म्हणून महिन्यापूर्वी सगळ्या प्रबंधांच्या नोंदी कंपनीकडून भरून घेतल्या. येत्या शनिवारपासून उरलेली पुस्तकं भरायला घ्यायची, आणि ती संपली की विभागाला कुलूप. अक्कांनी दोन वेळा विरोध केला, तिसऱ्यांदा गप्प बसल्या. आपणच जुनाट तर झालो नाही ना, अशी शंका त्यांना हल्ली यायला लागली होती.

बुधवारी सकाळी विहीरवाली आली.

हे नाव विभागानंच तिला दिलेलं. जुन्या विहिरींच्या पाण्यावर संशोधन करणारी ही मुलगी तीन वर्षं ग्रंथालयात पडीक असे. येताना नेहमी जिन्यावरूनच बडबडत यायची. आज आली ती न बोलता खुर्चीत बसली आणि हातातला कागद तिनं टेबलावर ठेवला.

"उद्या अकराला चौकशी आहे," ती म्हणाली. "माझा प्रबंध रद्द करतायत, अक्का."

"का म्हणून?"

"माझं अर्धं काम एकाच संदर्भावर उभं आहे. त्या शाळामास्तरांचा प्रबंध, एकोणीस वर्षं रोज विहिरीत दोरी सोडून पाणी मोजलेलं. परीक्षक म्हणतात असा प्रबंधच नाही. म्हणे त्या उत्तरं लिहून देणाऱ्या यंत्राला विचारून मी संदर्भ रचला आणि आकडे मनानं घातले. त्यांनी ग्रंथालयाला विचारलं, तर ग्रंथालयानं हे दिलं."

ते साहेबांच्या सहीचं पत्र होतं. सदर प्रबंध या ग्रंथालयात नाही व कधी नव्हता.

"कधी नव्हता?" अक्का म्हणाल्या. "मी स्वतः तुझ्या हातात दिलाय तो. इथे, या टेबलावर."

"म्हणून तर तुमच्याकडे आले. दोन वर्षं झाली त्याला. हिरवं पुठ्ठ्याचं काहीतरी होतं, एवढंच आठवतंय. तुम्ही खूण घालून पान उघडून दिलं होतंत, मी वहीत आकडे उतरवले आणि परत दिलं. फोटो काढायला हवे होते. नाही काढले."

अक्कांनी प्रबंधाचं नाव टाकून शोधलं. निकाल: ०. शाळामास्तरांचं नाव टाकलं. शून्य. विहीर, पाणी, पातळी, दोरी, काय काय टाकलं, पण शून्य हललं नाही.

तेव्हा त्यांना बांधणीवाला आठवला.

चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी ग्रंथालयात पुठ्ठ्याची टंचाई होती. तेव्हाच्या बांधणीवाल्यानं शक्कल लढवली आणि बारके प्रबंध दोन-दोन मिळून एका पुठ्ठ्यात बांधले. विषय बघायची तसदी घेतली नाही, जाडी बघून सोयरिकी जमवल्या. कण्यावर नाव फक्त पहिल्याचं. दुसरा प्रबंध आत आहे हे बाहेरून कुणालाच कळू नये, अशी चोख व्यवस्था झाली. अक्का नोकरीला लागल्यावर त्यांनी अशी एकेक जोडी हुडकून काढली आणि पहिल्या प्रबंधाच्या नोंदीत टीप लिहिली: 'याच बांधणीत', आणि पुढे दुसऱ्याचं नाव, लेखक, विषय. त्या दुसऱ्या प्रबंधांचं जगात असणं तेवढ्या एका ओळीवर टांगलेलं होतं.

त्यांनी पाठ असलेली एक जोडी उघडली. टीप नाही. दुसरी उघडली. नाही. कंपनीच्या यंत्रानं पहिल्याचं नाव जुळवलं, आपली आयती नोंद वर ठेवली आणि खालची पुसून टाकली. इतर कुठल्याही ग्रंथालयात असल्या टिपा नव्हत्या, त्यामुळे यंत्राच्या लेखी त्या कचरा होत्या.

"स्वल्पविराम," अक्का म्हणाल्या, "प्रबंधांच्या नोंदी भरल्यावर तपासणीच्या कागदावर सही कुणी केली होती?"

स्वल्पविरामांनी पेनाला टोपण लावलं. "तुम्ही, अक्का."

हे खरं होतं. पन्नास नोंदी तपासून सही करायची होती. त्या दिवशी अक्का रागावलेल्या होत्या, कंटाळलेल्या होत्या, आणि त्यांनी यादीतल्या वरच्या पन्नास तपासल्या. पहिल्या पन्नासांत एकही जोडी नव्हती. एकतीस वर्षांत त्यांनी असं काम कधी केलं नव्हतं, आणि केलं ते नेमकं त्या दिवशी. विहीरवालीकडे बघायची त्यांना लाज वाटली.

कंपनीला फोन लावला. जुन्या नोंदींची प्रत आहे, मिळेल, तीन आठवडे लागतील. तळघरात अकरा हजार प्रबंध होते, क्रमांकानं लावलेले, आणि त्यांतले निम्मे हिरवे. अक्का वर साहेबांकडे गेल्या. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मी तीनदा शोधलं होतं, अक्का. पत्र देण्याआधी." ते म्हणाले. "तुम्हाला आठवतंय हे मी मानतो. पण उद्या समितीला पुरावा लागेल. आठवण चालणार नाही."

अक्का खाली आल्या. "चिठ्ठी असती तर," त्या खुर्चीत बसत म्हणाल्या. "ही पोरगी डब्यातूनच आली होती आपल्याकडे. चिठ्ठीच्या पाठीवर क्रमांक लिहिला होता मी. पण गठ्ठे गेले रद्दीत."

स्वल्पविराम खाकरले. मग पुन्हा खाकरले.

"गेले नाहीत," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"आदेश रद्दीत द्यायचा होता. कुणाच्या रद्दीत ते लिहिलं नव्हतं. मी घरी नेले. स्कूटरवरून, अकरा खेपा झाल्या. आमच्या पलंगाखाली आहेत. हिनं आठ दिवस अबोला धरला होता."

अक्कांनी आयुष्यात पहिल्यांदा कामाच्या वेळेत हजेरीपटावर अर्ध्या दिवसाची रजा टाकली. एका स्कूटरवर तिघं बसणं शक्य नव्हतं, म्हणून दोघी चालत निघाल्या आणि स्वल्पविराम त्यांच्या वेगानं स्कूटर चालवत बाजूनं आले. घर चौथ्या मजल्यावर. वहिनींनी दार उघडलं, तिघांच्या तोंडांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पलंगाखालचंच काहीतरी असणार."

गठ्ठे बाहेर ओढले. तारखेवार, एकसारख्या सुतळीनं बांधलेले. चिठ्ठ्या असतील पंधरा-सोळा हजार. विहीरवालीला तारीख आठवेना. थंडी होती म्हणाली, मग म्हणाली नसेलही. तिघं जमिनीवर बसून चिठ्ठ्या उलटायला लागली. एक तास झाला, दीड झाला. वहिनी दारात उभ्या राहून बघत होत्या.

"काय शोधताय, मला सांगाल का कुणी?" शेवटी त्या म्हणाल्या.

"विहिरीबद्दलची एक चिठ्ठी आहे, वहिनी," अक्का मान वर न करता म्हणाल्या.

"कुठली? विहिरीत कासव सोडावं का, ती? की पाण्याची उंची रोज मोजलेली हवी, ती?"

तिघांचे हात थांबले.

"दुपारी काम आवरलं की वाचते मी," वहिनी जरा ओशाळून म्हणाल्या. "घरात एवढं आणून कोंबलंय तर म्हटलं आहे तरी काय. त्या टीव्हीवरच्या रडारडीपेक्षा बरं असतं. माणसं काय काय शोधत असतात हो. तुमची ती जांभळ्या शाईत आहे. कोपऱ्यावर चहाचा डाग. सरका बरं."

त्या खाली बसल्या, चौथा गठ्ठा ओढला, अंगठ्यानं चिठ्ठ्या सरकवत गेल्या आणि एक काढून पुढे केली.

'विहिरीच्या पाण्याची उंची, रोज मोजलेली, जुनी. भूजल या शब्दाने शोधले. काही नाही.'

"माझंच अक्षर," विहीरवाली म्हणाली.

अक्कांनी चिठ्ठी उलटली. पाठीवर त्यांच्या बारीक अक्षरात क्रमांक होता, ६२०८, आणि शेजारी दोन शब्द: याच बांधणीत. अक्कांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी वहिनींचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी अकराला लांब टेबलाभोवती समिती बसली. अध्यक्षबाई रसायनशास्त्राच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांच्या शेजारी परीक्षक, जाड भिंगांचे प्राध्यापक, ज्यांनी तक्रार केली होती. टोकाला साहेब. भिंतीवरच्या पडद्यावर साहेबांनी सगळ्यांसमोर पुन्हा नाव टाकलं. निकाल: ०.

"हे आता रोजचं झालंय," परीक्षक म्हणाले. "यंत्राला विचारायचं, ते लेखक रचून देतं, वर्ष रचून देतं, आणि आपण डोळे मिटून सही करायची. मी करणार नाही. असा प्रबंध मला हातात आणून दाखवा, मी तक्रार मागे घेतो."

अक्कांनी पिशवीतून हिरव्या पुठ्ठ्याचा ग्रंथ काढला आणि त्यांच्यापुढे ठेवला.

परीक्षकांनी कणा डोळ्यांजवळ नेला. "गोगलगायींच्या शंखांवरील रेषा," त्यांनी मोठ्यानं वाचलं, आणि टेबलावर हसू पसरलं. "बाई, हा गोगलगायींवरचा आहे."

"हो," अक्का म्हणाल्या. "गोगलगायी चौऱ्याण्णव पानांत संपतात. त्यापुढचं पान उघडा."

त्यांनी उघडलं. तिथे दुसरं मुखपृष्ठ होतं. शाळामास्तरांचं नाव, वर्ष, विद्यापीठाचा शिक्का. हसू थांबलं. परीक्षकांनी विहीरवालीचा प्रबंध शेजारी ओढला आणि दोन्हींतले तक्ते बोट फिरवत जुळवायला लागले. पहिला आकडा त्यांनी मोठ्यानं वाचला. दुसरा वाचला. दहाव्यानंतर ते मनातच वाचायला लागले. मग पानं उलटण्याचा वेग कमी झाला, आणि एका पानावर ते थांबलेच.

"या दिवशी आकडा नाही," ते म्हणाले. "समासात लिहिलंय, 'मुलगी झाली, मोजायला गेलो नाही.' एकोणीस वर्षांत एकच दिवस." त्यांनी भिंगं काढून पुसली. "हे तुमच्या प्रबंधातही तळटिपेत आहे. मी वाचलं तेव्हा मला वाटलं, यंत्रानं आता भावनाही रचायला घेतल्या."

"हा ग्रंथ आमच्या शोधात का नाही?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

अक्का उभ्या राहिल्या. रात्रभर हे वाक्य त्यांनी घोळवलं होतं.

"आधी माझी चूक सांगते. नोंदी भरल्यावर तपासणीची सही माझी आहे. मी वरच्या पन्नास तपासल्या, मधल्या नाहीत. तपासल्या असत्या तर त्याच दिवशी कळलं असतं की आमच्या टिपा पुसल्या गेल्यात. या मुलीला जो त्रास झाला त्यातला माझा वाटा मी नाकारत नाही." त्यांनी श्वास घेतला. "पण असे एक हजार एकशे सहा प्रबंध आहेत. दर वर्षीच्या अहवालात मी आकडा लिहिते, अहवाल कुणी वाचत नाही. ते आजही तळघरात आहेत, पण तुमच्या पडद्यावर त्यांची माणसं जन्मालाच आलेली नाहीत. शनिवारपासून पुस्तकं भरली की त्यांच्याही टिपा जातील. मग 'कधी नव्हता' असं पत्र प्रत्येकाला देता येईल, आणि ते खोटं आहे हे सिद्ध करायला पलंगाखाली गठ्ठे ठेवणारं माणूस दर वेळी भेटेलच असं नाही."

स्वल्पविराम दाराशी उभे होते, त्यांनी छाती जरा पुढे काढली.

साहेबांनी पुढ्यातलं आपलं पत्र उचललं. त्यावरची सही एकदा पाहिली.

"हे मी मागे घेतो," ते म्हणाले. "आणि माझ्याकडून लिहून घ्या. शनिवारचं काम थांबवलं आहे. प्रबंधांच्या जुन्या नोंदी परत येतील, आणि आयत्या नोंदी यापुढे नोंदणी विभागाच्या हाताखालून जातील, डोक्यावरून जाणार नाहीत." मग ते विहीरवालीकडे वळले. "मी तीनदा शोधलं, पण तीनदा एकाच खिडकीत शोधलं. तुमची माफी मागतो."

तक्रार रद्द व्हायला सहा मिनिटं लागली. परीक्षक उठले, विहीरवालीसमोर आले, आणि सगळ्यांना वाटलं तेही माफी मागणार. त्यांनी मागितलीही, पण लगेच म्हणाले, "हा ग्रंथ तुम्ही आधी नेणार की मी नेऊ?"

शुक्रवारी जेवणानंतर साहेब स्वतः डबा घेऊन जिन्यानं खाली आले. पोपटावरची धूळ त्यांनी पुसली होती. खोलीत विभाग बसला होता: अक्का, स्वल्पविराम, विहीरवाली, आणि खास परवानगीनं वहिनी, कारण कुठली चिठ्ठी कुठल्या गठ्ठ्यात आहे हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. कंपनीची प्रत यायची तेव्हा येवो, चिठ्ठ्यांच्या पाठीवरून जेवढं परत लिहिता येईल तेवढं आजच सुरू करायचं असं ठरलं होतं.

"पहिली कुठली?" साहेबांनी विचारलं.

ते उघडच होतं. अक्कांनी ६२०८ उघडलं. गोगलगायींच्या खाली त्यांनी टीप लिहिली: याच बांधणीत. पुढे शाळामास्तरांचं नाव. पुढे, विहिरीच्या पाण्याची उंची, रोज मोजलेली, जुनी, एकोणीस वर्षे. स्वल्पविराम मागून वाकून बघत होते. "'उंची'नंतर," ते म्हणाले.

"दिलाय हो," अक्का म्हणाल्या.

त्यांनी नोंद जतन केली आणि खुर्ची विहीरवालीला दिली. तिनं शोधाच्या खिडकीत आपल्या चिठ्ठीतलेच शब्द टाकले, जसेच्या तसे, आणि कळ दाबली.

निकाल: १.

वहिनींनी टाळी वाजवली. साहेबांनीही वाजवली आणि मग हात खिशात घातले. अक्कांना मात्र तो आकडा काही नीट दिसेना. सवयीनं त्यांनी डोक्यावर हात फिरवला, टेबलावर चाचपडून पाहिलं, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की चष्मा डोळ्यांवरच आहे.

स्वल्पविरामांनी पुढची चिठ्ठी त्यांच्या हातात दिली.